आधी खांबाला विचार

मार्च निम्मा सरला तरी अत-बाशीत बर्फ
गोठ्याच्या दारापर्यंत, गुडघाभर.
आत सात वासरं, एकच खिडकी,
तिला काचेऐवजी पॉलिथिन,
आणि कालीपाच्या तोंडी एकच शब्द : खरूज.

शेजारीण म्हणाली, दीर म्हणाला,
बाजारात खोगीरं विकणाराही न बघताच म्हणाला.
ट्रॅक्टरचं जळकं तेल डब्यात काढून ठेवलंय.
आता फक्त या पोरीने,
कॉलेजातून येऊन पहिलाच हिवाळा काढणाऱ्या मेएरिमने,
हो म्हणायचं.

मेएरिम वासरांकडे बघत नाही.
खांबाकडे जाते.
मग दाराची चौकट, गव्हाणीची कड,
हातमोजा काढून बोटांनी चाचपते.
खरूज असती तर इथे केसांची लव अडकली असती,
लाकूड घासून घासून तुळतुळीत झालं असतं.
"अंग घासतात का?"
कालीपा आठवून बघते.
"नाही गं. खातात. उड्या मारतात."

मग हातमोजे चढवून, वासरू. अला, सगळ्यांत धीट.
डोळ्यांभोवती राखाडी खपल्या,
कुणाचा तरी चष्मा चुकून घातल्यासारखा.
मानेवर तीन, नाण्याएवढ्या. खांद्यावर एक बशीएवढी.
जाड, कोरड्या,
भिंतीचा चुना फुगून सुटावा तशा,
आणि केस मुळाशीच तुटलेले.

एक खपली ती कडेने उचलते.
खाली पू नाही.
भिजल्या पाठीचा तो दुसरा रोग असता
तर केसांचा झुबका रंगाच्या ब्रशसारखा
खपलीसकट हातात आला असता.
कानामागे भांग पाडून बघते, लिखा नाहीत.
उन्हाने पोळलं म्हणावं तर
ते फक्त पांढऱ्या ठिपक्यांवर, काळं सोडून;
आणि ऊन कुठलं, गेले पाच महिने?

आपण याला गजकर्ण म्हणतो.
इथे हत्ती कुणी पाहिलेला नाही.
हे म्हणतात तेमिरेत्की,
आणि तेमिर म्हणजे लोखंड.
कुणाला कान दिसला, कुणाला गंज.

पेटल्या कुरणासारखं असतं हे,
मधे राख, जाळ कडेला.
म्हणून केस उपटायचे ते कडेचे.
कागदाच्या पुडीत, प्लास्टिकला घाम सुटतो.
बॅगेतला जांभळा दिवा ती काढतच नाही,
मांजराच्या अंगावर तो कधीमधी हिरवा उजळतो,
वासरांच्या या बुरशीपुढे मुका.
पुडी नारिनला जाईल,
बुरशी उगवायला तीन-चार आठवडे.
तोवर काय सांगायचं?

चहा. स्टोव्ह लालबुंद,
आणि एर्निसच्या गळ्यात मफलर.
मेएरिम पाव मोडता मोडता विचारते,
"अला कुणाचा?"
"माझा."
"रात्री कसा निजवतोस त्याला?"
पोरगा उठतो, हवेतल्या मानेला मिठी मारतो,
गाल टेकवतो,
आणि मफलर घसरतो.

कानाखाली एक कडं.
कड लाल, उठावाची. मधली कातडी जवळपास साफ.

कुणी काही बोलत नाही.
मग कालीपा स्वतःच
डाव्या हाताची बाही वर सारते, कोपरापर्यंत.
"मला वाटलं, साबणाने झालं असेल."
बाहेर बर्फ छपरावरून धपकन पडतं.

तेलाचा डबा ट्रॅक्टरकडे परत गेला.
दोघांनी दवाखान्यात जायचं, उद्याच.
वासरांना मलम, गोठ्याला चुना,
आणि ते पॉलिथिन यंदा लवकर काढा, म्हणाली ती, जरा उजेड येऊ दे.
अलाजवळ जायचं तर हातमोजे. गाल नाही.

"किती दिवस?"
"दोन महिने. कदाचित तीन."

एर्निसने आईचे रबरी मोजे चढवले,
बोटं टोकाशी रिकामी लोंबणारी.
दारात थांबून म्हणाला,
"तुम्ही सगळं ओळखलंत.
पण यातून तो मला ओळखेल?"

मेएरिमने पुडीवर तारीख लिहिली,
गोठ्याचं नाव लिहिलं.
अलाने रबर हुंगलं, शिंकला,
आणि चाटू लागला.